दमापासून घड्याळापर्यंत : कबड्डीतील वेळकाढूपणा व पंचनिर्णय यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आघाडीवरील संघाला सामना लवकर संपावा असे वाटते, तर पिछाडीवरील संघाला प्रत्येक क्षण हवा असतो. वेळेने बांधलेल्या प्रत्येक खेळात हा संघर्ष अटळ आहे. फुटबॉलमध्ये वेळकाढूपणा व पंचांचा दर्जा यांविषयी जगभर मोठी चर्चा होते. महाराष्ट्राच्या मातीतील कबड्डीत हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात आणि मुळापासून उपस्थित आहे. कारण या खेळातील पहिले घड्याळ खेळाडूच्या छातीत होते. खेळाडूचा दम हेच चढाईचे कालमापन होते आणि पंचाचा कान हे ते वाचण्याचे साधन होते. हे मापन दमाकडून घड्याळाकडे कसे सरकले आणि त्यामुळे पंचाची जबाबदारी कमी झाली की वाढली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. फुटबॉलमधील वेळविषयक नियमांच्या इतिहासाची थोडक्यात नोंद घेणे.
२. हुतूतू ते कबड्डी या प्रवासात कालमापनाचे स्वरूप कसे बदलले हे पाहणे.
३. या बदलांचा पंचनिर्णयाच्या दर्जाशी असलेला संबंध तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

फुटबॉलमधील वेळ आणि पंच

फुटबॉलचे नियम लंडनमध्ये १८६३ मध्ये लिहिले गेले. तथापि आजच्या अर्थाने निर्णायक अधिकार असलेला पंच मैदानाच्या आत आला तो १८९१ मध्ये. त्याच वर्षी पेनल्टी किकचा नियम झाला. लगोलग स्टोक विरुद्ध अ‍ॅस्टन व्हिला या सामन्यात पेनल्टी मिळाली असता व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला आणि तो सापडेपर्यंत वेळ संपली, अशी हकीकत फुटबॉलच्या इतिहासात सांगितली जाते. पेनल्टी घेण्यापुरती वेळ वाढवून देण्याचा नियम त्यानंतरचा आहे. योगायोगाने १८९१ मध्येच मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली व हा खेळ महाराष्ट्रात संघटित स्वरूपात रुजू लागला.

पुढील इतिहास पळवाट आणि तिच्यावरील उपाय यांचाच आहे. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील गिहोन येथे पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियावर दहाव्या मिनिटाला गोल केला. १-० हा निकाल दोन्ही संघांना पुढील फेरीत नेणारा असल्याने उरलेला सामना केवळ चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात गेला. आदल्या दिवशीच आपला शेवटचा सामना खेळून झालेला अल्जीरियाचा संघ त्यामुळे स्पर्धेबाहेर पडला. तेव्हा कोणताही नियम मोडला गेला नव्हता, हीच त्यातील खरी अडचण होती. म्हणून १९८६ पासून विश्वचषकात गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळविले जाऊ लागले. १९९२ मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम परत दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास बंदी आली. २०२२ च्या कतार विश्वचषकात वाया गेलेला वेळ काटेकोरपणे भरून देण्यात आला. २०२५ मध्ये गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात धरल्यास प्रतिपक्षास कॉर्नर देण्याचा नियम लागू झाला. त्यापूर्वी सहा सेकंदांची मर्यादा होती. परंतु पंच ती क्वचितच बजावीत. नियम असणे आणि तो बजावला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

हुतूतू : दम हेच घड्याळ

महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडूडू, दक्षिणेत चेडुगुडू अशा नावांनी हा खेळ खेळला जाई. नावे प्रदेशागणिक वेगळी असली तरी ती सर्व चढाई करणाऱ्याच्या मुखातील उच्चारावरून पडलेली आहेत, हे लक्षणीय आहे. उच्चार हा खेळाचा अलंकार नसून त्याचा गाभा होता. एका दमात, खंड न पाडता, ऐकू येईल असा उच्चार करीत प्रतिपक्षाच्या अंगणात जायचे आणि दम असेपर्यंत परतायचे. दम तुटला की चढाई संपली. चढाई किती वेळ चालावी याचा आकडा नव्हता. ज्याची छाती मोठी, त्याची चढाई मोठी.

या खेळाचे पूर्वी तीन प्रकार प्रचलित होते. ‘गामिनी’मध्ये बाद झालेला खेळाडू पूर्ण संघ बाद होऊन लोण चढेपर्यंत बाहेरच राही. सामन्यास वेळेचे बंधन नसे; ठराविक लोण चढविणारा संघ विजयी होई. ‘अमर’मध्ये बाद झालेला खेळाडू मैदानातच राही व प्रतिपक्षास गुण मिळे. ‘संजीवनी’मध्ये प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी पुन्हा मैदानात येई आणि सामना ठराविक मिनिटांचा असे.

वेळकाढूपणाचा विचार करता हा भेद अत्यंत महत्त्वाचा ठरतो. गामिनीत वेळ काढून कोणाचाच लाभ होत नव्हता, कारण वेळेवर काहीच अवलंबून नव्हते. लोण चढविल्याखेरीज सुटका नव्हती. संजीवनीत मात्र सामन्याला घड्याळ आले आणि आघाडीवरील संघाच्या हाती नवे शस्त्र आले. वेळकाढूपणा हा केवळ खेळाडूंच्या नीतीचा प्रश्न नसून खेळाच्या रचनेतून निर्माण होणारा प्रश्न आहे, हे या उदाहरणावरून दिसून येते.

नियमांचे एकीकरण आणि पंचाचा कान

१९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमबद्ध सामने भरविले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना अधिक व्यवस्थित रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला व १९५२ मध्ये मद्रास येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संजीवनी हा प्रकार आधुनिक कबड्डीचा पाया ठरला. पुरुषांसाठी वीस मिनिटांचे दोन डाव व मध्ये पाच मिनिटांची विश्रांती अशी मांडणी रूढ झाली. महाराष्ट्रात हुतूतूचे नाव मागे पडून कबड्डी हे नाव स्थिरावले. या खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचणारे शंकरराव तथा बुवा साळवी ‘कबड्डी महर्षी’ म्हणून ओळखले जातात.

या नियमांत वेळेशी संबंधित तरतुदी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणाला स्पर्श करतानाच उच्चार सुरू केला पाहिजे. उशीर झाल्यास पंच त्याला परत पाठवितो आणि प्रतिपक्षास गुण मिळतो. कोणालाही स्पर्श न करता परतायचे असल्यास किमान एकदा निदानरेषा ओलांडणे बंधनकारक आहे. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. मध्यरेषेजवळ घुटमळून दम संपविणे हा वेळ काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता. निदानरेषेने तो रोखला. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा आली व धाडसाने आत जाणाऱ्यास गुणाचे आमिष मिळाले. एक चढाई संपल्यावर पाच सेकंदांच्या आत दुसऱ्या संघाने आपला खेळाडू पाठविला पाहिजे, अशीही अट आहे.

आणखी एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही. पकडलेल्या खेळाडूचे तोंड दाबून किंवा गळा आवळून त्याचा दम मुद्दाम तोडण्यास मनाई आहे. या नियमाकडे सामान्यतः सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले जाते. परंतु कालमापनाच्या दृष्टीने पाहिल्यास तो घड्याळाशी छेडछाड करण्यास घातलेला प्रतिबंधही आहे.

या साऱ्या व्यवस्थेचा भार पंचाच्या कानावर होता. दम तुटला की नाही, मध्येच चोरून श्वास घेतला का, उच्चार स्पष्ट होता का, हे निर्णय काही क्षणांत घ्यावे लागत आणि त्यांची पडताळणी करण्याचे साधन कोणाकडेही नव्हते. पंचावरील विश्वास हीच खेळाची पूर्वअट होती.

तीस सेकंदांचे युग

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चढाईचे तीस सेकंद उलटे मोजलेले घराघरांत दिसू लागले. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद, हा ‘करो या मरो’ नियम सर्वपरिचित झाला. रिकाम्या चढाया करून आघाडी टिकविण्याच्या डावपेचावर हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरला. फुटबॉलने गोलरक्षकासाठी २०२५ मध्ये जे केले, त्याच स्वरूपाचे उत्तर कबड्डीने आधीच शोधले होते : वेळ काढणाऱ्याला केवळ ताकीद न देता त्याचा थेट लाभ प्रतिस्पर्ध्यास देणे.

यातून एक बदल मात्र नकळत झाला. दम नियमात कायम राहिला, पण प्रेक्षागृहाच्या कोलाहलात तो ऐकणे अवघड झाले आणि प्रत्यक्ष कालमापन घड्याळाकडे गेले. मोठ्या छातीच्या खेळाडूचा जुना लाभ त्यामुळे मर्यादित झाला. सर्वांना समान सेकंद मिळाले, ही न्यायाच्या दृष्टीने जमेची बाजू होय.

हांगझोऊ : घड्याळ असूनही थांबलेला खेळ

घड्याळ आले म्हणजे वाद संपले, असे मात्र नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना भारत व इराण यांच्यात झाला. २८-२८ अशी बरोबरी असताना व मिनिटभराहून थोडाच अधिक वेळ शिल्लक असताना कर्णधार पवन सेहरावत ‘करो या मरो’ चढाईवर गेला. कोणालाही स्पर्श न करता तो लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे लॉबीत शिरले. जुन्या नियमानुसार त्याच्यामागे लॉबीत गेलेले बचावपटूही बाद ठरत होते. प्रो कबड्डीत प्रचलित झालेल्या नव्या नियमानुसार केवळ चढाईपटू बाद ठरत होता. कोणता नियम लागू, यावरच एकमत होईना. निर्णय दिले गेले, बदलले गेले, दोन्ही संघांनी आक्षेप घेतले आणि सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळविला.

तीस सेकंदांत संपणाऱ्या चढाईचा निर्णय ठरविण्यास तास लागावा, ही घटना बोलकी आहे. हा वेळ कोणत्याही खेळाडूने काढला नव्हता. एकाच खेळाचे दोन नियम एकाच वेळी प्रचलित असणे, हे त्याचे कारण होते. भारताला सुवर्णपदक मिळाले म्हणून या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही. निर्णय विरुद्ध गेला असता तर हाच प्रश्न येथे तीव्रतेने विचारला गेला असता.

ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात

सोलापूर-विजयपूर मार्गावरील मंद्रूपसारख्या सीमेलगतच्या गावातील विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. तो पडद्यावर एक नियम पाहतो, गावच्या मैदानावर रूढीने चालत आलेला दुसरा नियम खेळतो आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिसऱ्याच अर्थाला सामोरा जातो. पडद्यावरील उलटगणती आणि फेरतपासणीची सोय त्याच्या मैदानावर नसते. तेथे पंच, त्याची शिट्टी आणि त्याचा कान एवढेच असते. निवड चाचणीतील एका चुकीच्या निर्णयाने त्याची विद्यापीठ संघातील जागा जाऊ शकते, व त्या निर्णयाची नोंद कोठेही राहत नाही. म्हणून पंचांचे प्रशिक्षण हा खर्चाच्या यादीतील शेवटचा विषय न मानता क्रीडाशिक्षणाचा प्रारंभबिंदू मानला पाहिजे. स्पर्धेपूर्वी लागू नियम लेखी स्वरूपात सर्व संघांना देणे व शक्य तेथे चढाईसाठी स्वतंत्र वेळाधिकारी नेमणे, एवढ्यासाठी मोठ्या निधीचीही आवश्यकता नाही.

निष्कर्ष

१. वेळकाढूपणा हा वेळेने बांधलेल्या रचनेचा परिणाम आहे. गामिनीत तो निरर्थक होता, संजीवनीत तो डावपेच बनला.
२. निदानरेषा, बोनस रेषा व ‘करो या मरो’ चढाई या तरतुदींमुळे वेळ काढणे हळूहळू तोट्याचे ठरत गेले. फुटबॉलचा अलीकडील प्रवासही त्याच दिशेने झालेला दिसतो.
३. घड्याळाने पंचाच्या कानावरील भार हलका केला; परंतु नियमांच्या अर्थनिर्णयाचा भार वाढविला. हांगझोऊ येथील अंतिम सामना हे त्याचे ठळक उदाहरण होय.
४. ग्रामीण स्तरावर तंत्रज्ञानाची प्रतीक्षा करण्यापेक्षा एकच लेखी नियमावली व प्रशिक्षित पंच यांना प्राधान्य देणे अधिक उपयुक्त ठरेल. दम खेळाडूचा असला तरी त्याचे मोल पंचाच्या निर्णयावरच ठरते.