व्यायामजन्य दमा : पोटात घ्यावयाची औषधे

श्रम करताना माणूस तोंडाने भराभर श्वास घेतो, त्या कोरड्या हवेस ओलावा पुरविता पुरविता श्वासनलिकांचे अस्तर सुकते, त्यातील कोशिकांतून हिस्टामीन, ल्यूकोट्राइन इत्यादी द्रव्ये स्रवतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आकुंचन पावून, श्रम थांबल्यावर बहुधा ५ ते १० मिनिटांत धाप शिगेस पोचते. हाच व्यायामजन्य दमा होय. श्वासावाटे घ्यावयाचा साल्ब्युटामॉलचा फवारा थेट नलिकांवर त्वरित काम करतो. पोटात गेलेले औषध रक्तावाटे सर्व देहभर फिरून मग तेथे पोचते, सबब त्यास दुय्यम स्थान आहे.

पूर्वी एफेड्रीन व थिओफायलीन यांचा अंमल होता. पहिल्याने छातीत धडधड होई व झोप उडे. दुसऱ्याची गुणकारी व विषारी मात्रा यांतील अंतर फार थोडे. ही दोन्ही द्रव्ये असलेली ‘मॅरॅक्स’ ही गोळी घेणारा १६ वर्षांचा दमेकरी अमेरिकन जलतरणपटू रिक डिमाँट १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मुक्तशैलीत पहिला आला, परंतु तपासणीत एफेड्रीन आढळल्याने त्याचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. त्याने आपल्या औषधांची माहिती आगाऊ लिहून दिली होती; ती हाताळण्यात आपली चूक झाल्याची कबुली अमेरिकी ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये दिली, पण पदक परत आले नाही.

स्वीडनचे बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये ज्यांना ‘ल्यूकोट्राइन’ हे नाव दिले, त्या द्रव्यांस अटकाव करणारे माँटेल्युकास्ट हे आजचे प्रमुख मुखसेव्य औषध. प्रौढांनी १० मिलिग्रॅमची गोळी व्यायामापूर्वी निदान २ तास घ्यावी. जे ती रोजच घेतात त्यांनी व्यायामासाठी जादा घेऊ नये. ती सर्वांस लागू पडत नाही, आणि चढलेली धाप उतरविण्यास तर निरुपयोगीच. मनःस्थिती व झोप बिघडणे, क्वचित आत्महत्येचे विचार येणे, या दोषांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यावर ठळक इशारा छापण्यास फर्माविले. आपल्याकडे लेव्होसेटिरिझीनच्या जोडीने ही गोळी सर्दीवरही सर्रास दिली जाते, तेव्हा एकच औषध दोन नावांनी पोटात जात नाही ना, याची खातरजमा डॉक्टरांकडून करून घेणे इष्ट.

स्पर्धेतील खेळाडूस माँटेल्युकास्टची मुभा आहे. साल्ब्युटामॉलचा फवाराही २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत चालतो, मात्र त्याच साल्ब्युटामॉलच्या गोळीस आजही मनाई आहे.