रंगाच्या कारखान्यापासून मूत्राशयातल्या औषधापर्यंत

'केमो' हा शब्द उंबऱ्याच्या आत आला की घर गप्प होतं. गळणारे केस, उलट्या, टांगलेली सलाईनची बाटली, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर दिली जाणारी केमोथेरपी मात्र निराळी. तिचा इतिहास आज आपल्याला सांगावासा वाटतो. मी डॉक्टर नव्हे, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण हे औषध मी स्वतः घेतलं आहे.

हा इतिहास रंगाच्या कारखान्यापाशी जातो. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठींकडे लक्ष वेधलं. आज या रोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर मानतात. विडी-सिगारेटमधली विषं रक्तातून लघवीत उतरतात आणि मूत्राशयात साचून राहतात.

मॅक्स निट्झे यांनी १८७९ मध्ये मूत्राशयात डोकावणारी दुर्बीण व्हिएन्नात दाखवली. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या एडविन बिअर यांनी त्याच वाटेने विजेने गाठ जाळण्याची रीत प्रसिद्ध केली. पोट न फाडता काम होऊ लागलं. पण शेतातली हरळी खणून काढली तरी पुन्हा फुटावी, तशी गाठ पुन्हा पुन्हा येई. खरवडताना सुटलेल्या पेशी पाण्यात तरंगतात आणि ताज्या जखमेवर रुजतात, हे त्यामागचं एक कारण.

मग औषध थेट मूत्राशयातच सोडायचं ठरलं. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या जोन्स आणि स्विनी यांनी 'थायोटेपा'चा अनुभव मांडला. मस्टर्ड वायूवरून पुढे आलेल्या औषधांच्या गोतावळ्यातलंच हे एक. त्याचा रेणू लहान; तो रक्तात शिरे आणि रक्तपेशी घटत. जपानमध्ये १९५६ साली मातीतल्या जिवाणूंपासून मिळालेलं 'मायटोमायसिन' या कामी अधिक बरं ठरलं. त्याचा रेणू मोठा, रक्तात फारसा उतरत नाही.

१९७६ मध्ये कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी आणखी एक वाट दाखवली. क्षयाची बीसीजी लस, जिची खूण आपल्यापैकी अनेकांच्या डाव्या दंडावर आहे, तीच त्यांनी मूत्राशयात सोडली. लस सहा कुप्यांच्या संचात येई, म्हणून आठवड्याला एक असे सहा डोस ठरले! ही केमोथेरपी नव्हे. ती शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करते. जास्त धोक्याच्या गाठींसाठी आजही ती वापरतात.

शस्त्रक्रियेनंतर लगेच दिलेल्या एका डोसाचा उपयोग किती? २००४ मध्ये सात चाचण्यांतल्या १,४७६ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी सुमारे ४८ जणांची गाठ परतली होती. औषध दिलेल्यांत ३७ जणांची. २०१८ च्या एका अमेरिकी चाचणीत 'जेमसायटाबिन'नेही असाच फायदा दिसला.

माझ्या लघवीत रक्त आलं तेव्हा दुखत काहीच नव्हतं. गाठ काढल्यावर बारीक नळीतून औषध आत सोडलं, तासभर ठेवलं आणि बाहेर काढलं. ''अब्बा, केस जाणार का?'' मुलीने विचारलं होतं. केस जागेवर राहिले. दोन-तीन दिवस जळजळ तेवढी झाली. दुर्बिणीची तपासणी मात्र ठरल्या वेळी करावीच लागते, कारण हा रोग परत येण्यात पटाईत.

माझं ऐकल्यापासून ओळखीचे लोक मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, ''आमच्याही लघवीला एकदा लाल झालं होतं, नंतर थांबलं. चालेल ना?'' चालणार नाही. रक्त थांबलं म्हणजे रोग गेला असं नव्हे. कधी तो मुतखडा निघेल, कधी साधा जंतुसंसर्ग. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. गाठ वरच्या थरात असेपर्यंतच हे सोपे उपाय पुरतात. लाजेपायी ते दिवस दवडू नका.