एकदम सोडू नये अशी गोळी

रमजानचे दिवस होते. माझी थोरली बहीण, आमची आपा, दीड वर्षापासून संधिवातासाठी प्रेडनिसोलोनची गोळी घेत होती. रोज सकाळी, नाश्ता झाल्यावर. रोजे सुरू झाले, नाश्ता बंद झाला आणि नाश्त्याबरोबर गोळीही बंद झाली. तिनं कुणाला विचारलं नाही. ‘‘सांधे आता बरे आहेत, कशाला हवी गोळी?’’ एवढाच तिचा हिशोब. पाचव्या दिवशी इफ्तारच्या आधी ती स्वयंपाकघरात कोसळली. उलट्या, अंग गार, रक्तदाब पार उतरलेला. आम्हाला वाटलं, उपवासानं झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न केला, ‘‘एखादी गोळी बंद केलीत का?’’ शिरेतून औषध दिल्यावर आपा सावरली.

मी काही डॉक्टर नाही, कवितेचा माणूस. पण त्या प्रश्नानं मला या गोळीच्या इतिहासाकडे नेलं. श्रोतेहो, तोच आज थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक आहे. तिथं फिलिप हेंच नावाचे डॉक्टर संधिवाताचे रुग्ण पाहत. १९२९ साली एका रुग्णानं त्यांना सांगितलं, की मला कावीळ झाली आणि सांध्यांचं दुखणं पळालं. पुढं हेंच यांच्या लक्षात आलं, की बायकांचा संधिवातही गरोदरपणात बरेचदा निवळतो. म्हणजे शरीरातच काहीतरी आहे, जे दुखणं शमवतं. पण ते काय?

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच कामात होते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. कत्तलखान्यांतून आणलेल्या गुरांच्या या ग्रंथींमधून केंडल एकेक द्रव्य वेगळं काढत होते. स्वित्झर्लंडमध्ये ताडेउश राइखश्टाइनही त्याच शोधात होते. केंडल यांनी आपल्या एका द्रव्याला नुसतं ‘ई’ म्हटलं होतं. तेच पुढं कॉर्टिझोन झालं. ग्रंथींतून ते मिळे अगदी चिमूटभर. मग मर्क कंपनीतल्या लुइस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तापासून, तिसाहून अधिक पायऱ्या चढत, ते प्रयोगशाळेत तयार केलं.

सप्टेंबर १९४८ मध्ये हेंच यांनी ते २९ वर्षांच्या एका स्त्रीला टोचलं. संधिवातानं तिला अंथरुणात कूस बदलणंही कठीण झालं होतं. काही दिवसांत ती चालू लागली, आठवड्याभरात बाजारात जाऊन आली! १९५० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना मिळालं. इतकी घाई नोबेलच्या इतिहासात क्वचितच झाली असेल.

पण चमत्काराची किंमत लगेच दिसू लागली. चेहरे चंद्रासारखे गोल झाले, रक्तातली साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, काहींची मनं बिथरली. औषध थांबवलं की दुखणं परत येई. आणि १९५२ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका मृत्यूची हकीकत छापली. ३४ वर्षांचा एक रुग्ण संधिवातासाठी कॉर्टिझोन घेत होता. शस्त्रक्रियेआधी ते बंद केलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळला आणि तो गेला. शवचिकित्सेत त्याच्या त्या दोन ग्रंथी सुकलेल्या आढळल्या.

कारण साधं आहे. बाहेरून आयतं मिळू लागलं की घरचा कारखाना थंडावतो. गोळी एकाएकी बंद केली, तर तो लगेच सुरू होत नाही. आणि ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा संकटात तर शरीराला या द्रव्याची अधिकच गरज असते. आमच्या आपाचं नेमकं हेच झालं होतं.

१९५५ मध्ये प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन बाजारात आली. अधिक प्रभावी, सूज कमी आणणारी. पण मूळ स्वभाव तोच. २०२० साली ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोन हे या घराण्यातलं स्वस्त औषध कृत्रिम श्वासावरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं घटवतं. मात्र ज्यांना प्राणवायूही लागत नव्हता, त्यांना त्याचा लाभ दिसला नाही. तरीही २०२१ च्या लाटेत आपल्याकडे अनेकांनी घरच्या घरी ते घेतलं. मग महाराष्ट्रानं काळ्या बुरशीचा कहर पाहिला. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अविचारी वापर ही त्यामागची मोठी कारणं होती.

म्हणून काय, गोळीला शत्रू मानायचं? मुळीच नाही. दमा, संधिवात, कितीतरी दुखण्यांत तिनं माणसं उभी केली आहेत. फक्त शिस्त हवी. डॉक्टरांनी सांगितलेला डोस, सांगितले तितकेच दिवस, शक्यतो सकाळी आणि खाल्ल्यावर. काही आठवड्यांहून जास्त काळ घेतली असेल, तर ती पायरीपायरीनं कमी करायची, आणि ती पायरीसुद्धा डॉक्टरांनीच ठरवायची. साखर, रक्तदाब, डोळे, हाडं तपासत राहायची. सोबत वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नये, पोटात व्रण होतात. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परत गोळ्या आणू नयेत. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, जोराचा ताप असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. आणि सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत जादू झाली, तर आनंदाआधी शंका घ्यावी; अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे.

आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे आपाला माझ्याहून चांगलं ठाऊक. आता ती रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांकडे जाते आणि ते म्हणतील तसं करते. तिच्या बटव्यात एक चिठ्ठी असते: ‘मी स्टेरॉइडची गोळी घेते. ती एकदम थांबवू नये.’ अक्षर माझंच आहे. इतक्या कविता लिहिल्या, पण घरात सर्वांत जपून ठेवलेली ओळ हीच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)