दूध गावाचं, हाडं कुणाची?

आपल्या बारामती-इंदापूर भागात ‘कॅल्शियम’ हा शब्द बहुतेकांनी ऐकला तो गोठ्यात. गाय व्याली आणि बसली, की डॉक्टर येऊन शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात. उसाचं वाढं जास्त पडलं की जनावराच्या अंगातलं कॅल्शियम घटतं, हेही आपल्याला माहीत आहे. पण त्याच गायीची धार काढणाऱ्या बाईला रोज किती कॅल्शियम मिळतं? हा हिशेब आपण मांडत नाही. म्हणून आज ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

आधी थोडा इतिहास. 1876-78 चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर इंग्रज सरकारनं नीरा डावा कालवा काढला. कालव्यानं ऊस आणला, उसानं वाढं आणलं, आणि चारा आला तशी दावणीला जनावरं वाढली. 1967 साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला ‘बायफ’ सुरू केली आणि संकरित गायी गावोगाव पोचल्या. आज बारामतीच्या एमआयडीसीत श्रायबर डायनॅमिक्स आहे, इंदापुरात सोनाई आहे. सकाळ-संध्याकाळ डेअरीपुढं कॅनची रांग लागते. म्हणजे दूध आपल्याकडं कमी नाही.

आता ज्यांनी कालवा काढला त्यांच्या देशात काय चाललं होतं ते बघा. 1930 च्या दशकात ब्रिटनमध्ये दूध जास्त झालं, भाव पडले. 1933 साली तिथं दूध विक्री मंडळ स्थापन झालं. 1934 च्या कायद्यानं सरकारनं पैसे घातले आणि शाळेतल्या पोरांना अर्ध्या पेनीत एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण 190 मिली दूध द्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याचं दूध खपलं आणि पोरांची हाडं भरली. 1946 मध्ये हेच दूध सगळ्या शाळकरी मुलांना फुकट झालं. पुढं खर्च नको म्हणून 1968 ला माध्यमिक शाळांचं दूध बंद झालं. 1971 ला शिक्षणमंत्री असलेल्या मार्गारेट थॅचरबाईंनी सात वर्षांवरच्या मुलांचंही बंद केलं. लोकांनी त्यांना ‘दूध हिसकावणारी’ असं नाव ठेवलं, ते शेवटपर्यंत पुसलं गेलं नाही.

आकडे सांगतो. गायीच्या 100 मिली दुधात साधारण 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे तिथल्या पोराला शाळेतल्या एका बाटलीतून सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळायचं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली मोठ्या माणसाची रोजची गरज 1000 मिलिग्रॅम धरली; आधी ती 600 होती. आता आपला चहा. कपात दूध किती? 40 मिली धरा. दोन कप झाले तरी शंभरही भरत नाहीत. ज्वारी-बाजरीच्या शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम पन्नासच्याही आत. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पण नाचणी कोकणची आणि मावळची, आपल्या ताटात कधीतरीच.

कुणी म्हणेल, साहेबांना दूध पचतं, आपल्यातल्या पुष्कळांना नुसतं दूध पचत नाही. खरं आहे. पण दही आणि ताक त्यातल्या बऱ्याच जणांना चालतं, आणि तीच आपली जुनी रीत. घरी ताक होतं तोवर थोडंफार कॅल्शियम घरात राहत होतं. आता कॅन भरून सगळं डेअरीला जातं, घरात उरतं चहापुरतं. यात शेतकऱ्याचा दोष नाही. दुधाच्या पगारावरच घर चालतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपलं विहीर-बोअरचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर बसतो. तो थर म्हणजे बराचसा कॅल्शियमच. युरोपात बाटलीतल्या मिनरल वॉटरमध्ये लिटरला 150 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असलं तर तसं लेबलवर अभिमानानं छापता येतं. आपण तेच आरओनं काढून टाकतो आणि वीस लिटरचा जार विकत घेतो. लिटरला 75 मिलिग्रॅम धरलं, तर दोन लिटर पाण्यातून 150 मिळालं असतं; दोन कप चहापेक्षा जास्त. आरओ वाईट असं मी म्हणत नाही. खतांच्या पट्ट्यात, क्षारपड भागात कित्येक ठिकाणचं पाणी तसंच पिण्यालायक नाही. पण जिथं क्षार 500 च्या आत आहेत तिथं आरओची गरज नाही, हे हरित लवादानंही 2019 मध्ये म्हटलंय. आपल्या गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल किती जणांनी बघितलाय?

2018 च्या जुलैमध्ये दूध आंदोलन पेटलं, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. शेवटी 25 रुपये दराची आणि लिटरमागं पाच रुपये अनुदानाची घोषणा झाली. दूध दराच्या बातम्या आम्ही पत्रकार दरवर्षी लिहितो. दर पडला, अनुदान आलं, पावडर पडून राहिली. ब्रिटननं 1934 ला हाच पेच शाळेच्या दारात नेऊन सोडवला. आपल्याकडं शाळेत रोज दूध ही गोष्ट सगळ्यांसाठी आणि कायमची रुजली नाही. शेजारच्या कर्नाटकानं मात्र 2013 पासून शाळेत दूध सुरू केलं.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत दोनच विषय मांडा. एक, गावच्या डेअरीतलं दूध किंवा ताक गावच्याच शाळेत आणि अंगणवाडीत द्यायला किती खर्च येईल, त्याचा आकडा काढा. दोन, पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आणि घरात एक करा. कॅन भरण्याआधी तांब्याभर दूध विरजणाला बाजूला काढा. गाय बसली की आपण रात्री अकरालाही डॉक्टरला फोन करतो. घरातली बाई कंबर धरून बसते, तेव्हा तिला ‘वय झालं’ म्हणून गप्प बसवू नका.