वऱ्हाडातली गरीब टोपी

वाचकहो, इतिहासावरचा लेख म्हटला की किल्ले, तह आणि सनावळ्या यांची अपेक्षा आपण धराल. सनावळ्या या लेखातही आहेत, पण त्याचा विषय आहे टोपी. तीही दरबारी नव्हे, जरीची नव्हे. आठवडी बाजारात दोरीला लटकलेली, मशिदीच्या दाराशी टोपलीत पडलेली, लग्नाच्या आहेरात दुपट्ट्याबरोबर हाती येणारी टोपी. अशा वस्तूवर माझा जीव जडेल असे कोणी मला तरुणपणी सांगितले असते, तर मी हसलो असतो.

झाले असे की वडील वारल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. वर शेताचे कागद, मधे चष्मा आणि तळाशी नीट घडी घालून ठेवलेल्या अकरा टोप्या. तीन पांढऱ्या खादीच्या, वापरून मऊ झालेल्या. एक अम्मीने सुताने विणलेली जाळीची. बाकीच्या सात आहेराच्या, कडक खळीच्या, एकदाही डोक्याला न लागलेल्या. अब्बा अकोल्याला एका अडत्याकडे हिशेब लिहीत असत. त्यांच्याजवळ भारी असे काही नव्हतेच. मी मात्र त्या टोप्यांसमोर बराच वेळ बसून राहिलो, त्याला एक कारण होते.

मला अमरावतीच्या एका कॉलेजात दाखल करायला अब्बा आले होते. डोक्यावर तीच खादीची टोपी, कडेला तेलाचा डाग. मी त्यांच्यापुढे दहा पावले चालत होतो. फीच्या खिडकीशी एका मुलाने विचारले, "हे कोण?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत." अब्बांनी ते ऐकले की नाही, हे मला आजतागायत ठाऊक नाही. माझी स्वतःची टोपी तर बस बडनेऱ्याला पोचायच्या आत खिशात गेली होती. विद्यार्थी मित्रांनो, ही कबुली आधी दिली म्हणजे पुढचे लिहायला मी मोकळा झालो.

आता जरा मागे जाऊ. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर होते आणि स्वागत समितीची धुरा दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होती. गांधी टोपी तेव्हा जन्मलीही नव्हती. ते दिवस पगडी, पागोटे आणि फेट्याचे. माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या हुद्द्याचा, घरचा किती सुखवस्तू, हे त्याच्या डोईवरच्या कापडावरून लांबूनच कळे. ज्याचे कापड जास्त त्याची बैठक पुढे. ज्याला मुंडासेही धड जुळत नसे, तो मांडवाबाहेर.

आणि कापड कशाचे? वऱ्हाड म्हणजे तर कापसाचे आगर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ पर्यंत अकोला आणि बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला 'उमरा' म्हणत. ते नाव उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून पडलेले. अमरावतीचे नाव त्या बाजारात रोज घेतले जाई आणि इथला कास्तकार परत आलेले विलायती कापड विकत घेऊन डोके झाकी.

मुसलमान घरांतून त्याच सुमारास आणखी एक टोपी आली, ती तांबडी, काळ्या गोंड्याची रूमी टोपी. तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. तुर्कस्तानचा सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये फर्मान काढून सरकारी नोकरांना ती सक्तीची केली. त्याआधी तिथेही पागोट्याच्या आकारावरून माणसाचा दर्जा ठरे, तो भेद मोडावा हा त्यात एक हेतू होता. म्हणजे जी टोपी पुढे आपल्याकडे खानदानीपणाची खूण झाली, तिचा जन्म सगळ्यांना एकसारखे दिसता यावे म्हणून झालेला! सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढ कॉलेजच्या पोशाखात ती आली, हैदराबादेत शेरवानीबरोबर ती शोभू लागली आणि तिथून वऱ्हाडातल्या वकील-शिक्षकांच्या डोक्यावर चढली. टोपी दिसायला देखणी खरी. पण लोकरीच्या नमद्याची ही वस्तू बरीचशी युरोपात, ऑस्ट्रियाच्या कारखान्यांत तयार होई. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया घशात घातला, तेव्हा तुर्कांनी आपल्याच डोक्यावरच्या या परदेशी मालावर बहिष्कार टाकला होता. शेवटी ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त झाली आणि २५ नोव्हेंबर १९२५ च्या कायद्याने तुर्कस्तानात रूमी टोपी घालणे गुन्हा ठरला. जिच्या मायदेशात तिला बंदी झाली, ती टोपी हैदराबादेत मात्र पुढेही वर्षानुवर्षे अदबीने मिरवत राहिली.

खादीची पांढरी टोपी यायला १९१९-२० साल उजाडले. काकासाहेब कालेलकरांनी गांधीजींशी या विषयावर झालेले बोलणे नोंदवून ठेवले आहे. निरनिराळ्या प्रांतांतली शिरस्त्राणे गांधीजींनी एखाद्या चोखंदळ शिंप्यासारखी तपासली होती. पंजाबी फेटा रुबाबदार, पण कापड फार खातो. गुजराती टोपी दिसायला कुरूप. काश्मिरी टोपी हलकी, शिवायला सोपी, घडी करून खिशात मावणारी. लोकरीऐवजी सूत घेतले की काम झाले. रंग पांढरा, म्हणजे मळ लपत नाही आणि धुणे टळत नाही. रामपूरचे लोक वेगळी हकीकत सांगतात. नवाबांच्या भेटीला उघड्या डोक्याने जाण्याचा रिवाज नव्हता, तेव्हा अलीबंधूंच्या आई बी अम्मा यांनी आपल्या हाताने टोपी शिवून गांधीजींना दिली, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही कथांत टोपीचा आकार आपल्या घरातल्या किश्ती टोपीला जवळचा आहे, हे मात्र कोणीही आरशात पाहून ठरवावे.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले. खिलाफतीची चळवळ भरात होती आणि हिंदू-मुसलमान एका मांडवात बसत होते. नागपूर वऱ्हाडाच्या उशालाच. तिथून परतलेली माणसे ही टोपी गावोगाव घेऊन आली. तिला ना नमदा लागे, ना साचा. एक आडवी पट्टी, वर एक लांबट तुकडा, की झाली टोपी. घरातल्या बाईला दुपारच्या वेळात शिवता येई.

ज्यांनी ती देशाला दिली, त्यांनी स्वतः १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला पंचा नेसला, तेव्हा टोपीही सोडली. एका श्रीमंत गृहस्थाने त्यांना विचारले की तुमच्या नावाची टोपी सगळे घालतात, मग तुमचेच डोके उघडे कसे? तुमच्या पागोट्याच्या कापडात वीसजणांच्या टोप्या होतील, बाकीच्या एकोणीस उघड्या डोक्यांतला मी एक, असे गांधीजी म्हणाले, हा किस्सा आपण शाळेत ऐकला असेल. १९३३ च्या नोव्हेंबरात हरिजन दौऱ्यात ते वऱ्हाडात फिरले ते असेच बोडके.

अशी ही टोपी. पण वाचकहो, काही आण्यांच्या या वस्तूची खरी किंमत १९३० साली कळली. आपल्या अकोला जिल्ह्यात समुद्र नाही. पण पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे आणि तिथल्या विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. ज्या पाण्याला पिढ्यान् पिढ्या शिव्या घातल्या, तेच एप्रिल १९३० मध्ये दहीहंड्याला कढईत आटवून सत्याग्रहींनी मीठ काढले आणि कायदा मोडला. तिकडे आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याने हुकूम काढून गांधी टोपीवरच बंदी घातली. सोलापुरात त्याच वर्षी मे महिन्यात मार्शल लॉ पुकारला गेला. रस्त्यात पांढरी टोपी दिसली की सैनिक ती काढायला लावत. बंदूकवाल्या सरकारला कापडाच्या दोन तुकड्यांचे भय वाटावे, ही मोठी विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे. त्या सोलापूर प्रकरणात १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघांना फाशी दिले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन हे 'गझनफर' पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांत वावरणारे तरुण. आपल्या मुलांना हे चौथे नाव ठाऊक असावे, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

याच काळातली वऱ्हाडाशी नाते असलेली दोन डोकी मला एकत्र आठवतात. पहिले हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे असला तरी नावाची मालकी निजामाची होती. १९०२ च्या करारात सालीना पंचवीस लाख रुपये ठरले आणि १९३६ पासून त्यांच्या किताबात 'हैदराबाद व बेरार' असा उल्लेख आला. १९३७ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. आणि त्या माणसाच्या डोक्यावर काय असे? एकच जुनी, मळकी, आकार गेलेली रूमी टोपी. ती ते बदलत नाहीत यावर पाहुण्यांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. लोक त्याला कंजूषपणा म्हणाले. असेलही. मला मात्र त्या टोपीमुळे निजाम थोडे आपल्यातले वाटतात.

दुसरे डोके गाडगेबाबांचे. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परीट घराण्यात जन्मलेले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, आणि डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर. शिरस्त्राणाचा याहून गरीब नमुना इतिहासात सापडायचा नाही. ज्यांच्या घाटावर साऱ्या गावाच्या टोप्या आणि पागोटी पांढरी व्हायची, त्या घरातल्या माणसाने स्वतःसाठी टोपीचे कापडही मागितले नाही. धर्मशाळा बांधल्या, त्या लोकांसाठी. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर ते गेले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

टोपीला बदनाम करणारेही कमी नाहीत. फसवणुकीला आपण 'टोपी घालणे' म्हणतो आणि त्याला पुढाऱ्यांनी पुष्कळ हातभार लावला. कोणी टोपीवरून माणसाचा पक्ष ओळखू लागले, कोणी धर्म. २०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात पांढऱ्या टोपीवर अक्षरे छापली गेली. तेव्हापासून टोपी वाचावी लागते, हे मला फारसे रुचलेले नाही.

माझे प्रेम आहे ते न वाचता येणाऱ्या टोप्यांवर. मशिदीच्या दाराशी पूर्वी ताडीच्या किंवा खजुरीच्या पानांच्या टोप्या टोपलीत असत, आता प्लास्टिकच्या जाळीच्या असतात. कोणाची ती माहीत नाही, कोणी ठेवली माहीत नाही. उघड्या डोक्याने आलेला वाटसरू संकोचून परतू नये एवढ्यासाठी त्या आहेत. मापाला त्या कधीच बसत नाहीत. आहेराच्या टोपीचेही तेच. वऱ्हाडात लग्न असो की तेरवी, टोपी-दुपट्टा दिल्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाहीत, मग तो पाटील असो, मजूर असो की शेजारचा मुसलमान. टोपी पातळ, शिलाई वाकडी, एक तर डोक्यावर टिकत नाही नाहीतर कानांवर येते. अब्बांच्या पेटीतल्या सात टोप्या म्हणजे सात घरांनी त्यांना दिलेला मान होता. त्यांतल्या दोन मूर्तिजापूरकडच्या होत्या, एवढे अम्मीला आठवले. बाकीची घरे आता कोण सांगणार?

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या एका जुन्या दोस्ताच्या नातवाचे लग्न होते. पंगत उठण्यापूर्वी मला टोपी-दुपट्टा मिळाला. नवरदेवाच्या आजोबांनी आपल्या हाताने टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, ती थेट भुवयांवर उतरली. पोरे हसली. मी ती तशीच राहू दिली, आणि बस स्टँडवर, बसमध्ये, अमरावतीला उतरेपर्यंत काढली नाही.