पंचहौदांतील चाळीस दिवसांचें व्रत

पंचहौद मिशन म्हटलें कीं पुणेकरांस १४ ऑक्टोबर १८९० चा चहा आठवतो. न्या. रानडे, लो. टिळक प्रभृति तेथें गेले; त्यावरून ग्रामण्य माजलें व प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं. परंतु त्याच आवारांतील १८८५ सालच्या पवित्र नाम देवालयाच्या अँग्लिकन पंथांतहि प्रतिवर्षीं चाळीस दिवस अनुतापाचें व्रत विहित आहे, हें क्वचितच ध्यानांत येतें.

या व्रताची गणना आपल्या तिथींप्रमाणें चंद्राधीन आहे. २१ मार्चला किंवा त्यापुढें येणाऱ्या, कोष्टकांतील पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्यामागें ४६ दिवस मोजिले असतां भस्म-बुधवार, म्हणजे व्रतारंभ, येतो. मधले सहा रविवार उपवासाचे नव्हत. ते वगळतां ४० दिवस उरतात. १८९१ सालीं ईस्टर २९ मार्चला, म्हणून व्रतारंभ ११ फेब्रुवारीस, चहानंतर चार महिन्यांच्या आंत, झाला.

संग्राहकांस हें गणित उपयोगी आहे. जुन्या मिशनरी पत्रांत कित्येकदां तारखेऐवजीं ‘उपवासकाळाचा दुसरा रविवार’ एवढेंच असावयाचें. साल ठाऊक असल्यास दिवस लावितां येतो. १८९१ त तो २२ फेब्रुवारी होय.

एकाच शहरांत एकीकडे चहाचें प्रायश्चित्त, दुसरीकडे अनुतापाचा उपवास. उभयतांचा हेतु शुद्धि हाच होता. पैकीं एकाचीच कथा इतिहासांत उरावी, हें न्याय्य नव्हे.