तबकडीचे वेष्टन आणि पुसलेली आकृती

गीतसंचाला ‘आल्बम’ हे नाव का पडले, याचे उत्तर संगीतात नसून पुठ्ठ्याच्या बांधणीत आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांपेक्षा अधिक संगीत मावत नसे. त्यामुळे एखादी दीर्घ रचना अनेक तबकड्यांवर विभागून, छायाचित्रांच्या आल्बमसारख्या जाड वहीत घालून विकली जाई. त्या वहीचे वेष्टन बहुधा साध्या, चित्रविरहित कागदाचे असे.

हा रिवाज अमेरिकेतील कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण कलावंताने १९४० च्या सुमारास मोडला. रॉजर्स आणि हार्ट यांच्या गीतांच्या संचासाठी त्याने न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहाच्या दिव्यांच्या पाटीवरील अक्षरे तात्पुरती बदलून घेतली आणि त्या पाटीचे छायाचित्र काढले. म्हणजे वेष्टनावरील चित्र प्रारंभापासूनच रचलेले होते! पुढे १९४८ मध्ये दीर्घवादी तबकडी आली आणि बारा इंचांचे चौरस वेष्टन हे कलावंताचे स्वतंत्र क्षेत्र बनले.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले वेष्टन १९६७ मधील, बीटल्स या इंग्रज वादकसंघाच्या ‘सार्जंट पेपर’चे होय. पीटर ब्लेक व जॅन हॉवर्थ यांनी प्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रे मोठी करून, रंगवून, त्यांचे पुतळे गर्दीसारखे उभे केले आणि मायकेल कूपर याने त्या देखाव्याचे छायाचित्र घेतले. त्या गर्दीत महात्मा गांधीही होते. परंतु भारतातील लोक दुखावतील, या भीतीने ध्वनिमुद्रिका कंपनीच्या अध्यक्षांनी त्यांना वगळण्याचा आग्रह धरला. प्रसिद्ध झालेल्या वेष्टनात गांधीजी दिसत नाहीत. ज्यांच्या नावाने हा निर्णय झाला, त्या भारतीयांना कोणी विचारले नव्हते.

त्या वेळी छायाचित्र संपादणारा संगणक नव्हता. होते ते कात्री, डिंक आणि कुंचला. फोटोशॉप ही संगणक-प्रणाली बाजारात आली ती १९९० मध्ये. टॉमस नॉल या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये तिचा आरंभ केला आणि त्याचा भाऊ जॉन याने तिच्या विकासात हातभार लावला. संगणक चित्राला सूक्ष्म ठिपक्यांची जाळी मानतो आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग अंकांत नोंदवतो. अंक बदलले की चित्र बदलते. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत थरांची सोय झाली. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तशी प्रत्येक आकृती आता वेगळ्या थरावर राहते; ती हलवता येते, झाकता येते, पुन्हा उघडता येते. मात्र छपाईसाठी सारे थर एकजीव झाले, की झाकलेल्याचा मागमूस पाहणाऱ्याला उरत नाही.

साधने बदलली, तरी काय ठेवावे आणि काय गाळावे, हा निर्णय माणसाचाच राहिला. १९६७ मध्ये गांधीजींसह टिपलेली छायाचित्रे सुदैवाने जपली गेली; म्हणूनच त्या गाळलेल्या आकृतीची साक्ष आज देता येते. पुसण्यासाठी पूर्वी कुशल हाताचे श्रम लागत. आता ते काम काही क्षणांचे झाले आहे. अशा काळात मूळ प्रत सांभाळून ठेवणे, हे कलावंताइतकेच प्रकाशकाचे आणि अभिलेखागाराचेही कर्तव्य ठरते.